मैद्याची खळ

वरून परिपत्रक आलं: शरद ऋतू, निसर्गातून हस्तकला,
वयोगट तीन ते सहा.
सोबत एक चित्र. पाच बोटांचं लालभडक पान,
आमच्या मानेवाड्यात कोणाच्याच ओळखीचं नाही.
रुद्राणी म्हणाली, हा तर हात आहे. भाजलेला.

बाहेर ऑक्टोबर, डोकं तापवणारा.
कडुनिंब हिरवा, करंज त्याहून हिरवा.
नागपूरची झाडं परिपत्रक वाचत नाहीत,
ती पानं टाकतील फाल्गुनात, एकदम,
उधारी चुकती केल्यासारखी.
तरी निघालो. सतरा पोट्टे, दोन पिशव्या,
पुढच्याच्या शर्टाचं टोक मागच्याच्या मुठीत,
पाण्याच्या टाकीपर्यंत.

बुचाची फुलं मिळाली, लांब देठांची, अजून ओली.
गुलमोहराच्या काळ्या शेंगा,
त्या पिशवीत गेल्याच नाहीत, तिथेच खुळखुळे झाल्या.
पारव्याचं एक पीस.
सागाचं एक पान, किड्यांनी खाऊन जाळी केलेलं,
निहालनं तोंडावर धरलं
आणि दिवसभर आम्हाला भोकांतूनच बघितलं.
सप्तपर्णीखाली सगळ्यांनी नाकं दाबली.
अल्फिया म्हणाली, वास छान आहे, पण जास्त आहे.
पिवळी पानं मोजून अकरा.
बाकी हिरवीच घेतली, वाऱ्यानं पाडलेली.

खोड कशाचं करायचं?
वच्छलाबाईनं खिडकीतल्या कूलरची ताटी उघडली.
उन्हाळाभर भिजून काळा पडलेला वाळा
खाकी कागदावर दाबून बसवला.
यथार्थनं त्यावर ओला हात फिरवला
आणि मे महिना वर्गात येऊन गेला.

खळ मी घरून शिजवून आणली होती.
मैदा, पाणी, मंद आच.
आई त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची, कीड लागू नये म्हणून.
मी नाही टाकलं.
ही बोटं तोंडात जातात.

पान थोडं, खळ फार.
खळ केसांना, खळ कोपरांना, खळ वच्छलाबाईच्या पदराला.
त्रिशा उईके बोलत नाही. जूनपासून एक शब्द नाही.
तिनं आपलं पान फांदीवर लावलं नाही,
पार खाली लावलं, कागदाच्या कडेला.
मी उचलून फांदीवर लावलं.
तिनं काढून पुन्हा खाली.
मी म्हटलं, असू दे बाई.
फोटो उद्या काढू, सुकल्यावर.
वरती पाठवावा लागतो, वेळ आणि ठिकाणासकट.

रात्री मुंग्या आल्या.

सकाळी कुलूप काढलं तर
कागद चाटून पुसून कोरा,
वाळा तेवढा शिल्लक,
आणि अख्खं झाड फरशीवर.
वच्छलाबाई खराटा घेऊन उभी:
म्हटलं होतं न जी, मोरचूद टाका म्हणून.

पोरं दारात थबकली.
मी रडारडीच्या तयारीत.
"मॅडम, टाकले जी त्यानं पानं!"
यथार्थ असा ओरडला, जसा काही निकाल लागला.
मग कोणी ऐकेना.
कोणी पानांत लोळलं, कोणी ओंजळीनं उधळलं,
रुद्राणीनं मुंग्यांना विचारलं, पोट भरलं का,
झाडू मारू देईनात.
त्रिशाला तेवढं शोधावं लागलं नाही.
तिचं पान जिथं लावलं होतं, त्याच्या वीतभर खाली पडलं होतं.
ती काही बोलली नाही.
माझ्याकडे बघितलं, एवढंच,
समजूतदार माणसं बघतात तसं.

फोटो मी तोच पाठवला:
उघडं खोड, सतरा पोरं, पानांचा पसारा.
दुपारी उत्तर आलं,
हस्तकला दिसत नाही. पुन्हा पाठवा.

पाठवीन.
सध्या दारापासून भिंतीपर्यंत मुंग्यांची रांग आहे,
अजून काहीतरी नेताहेत,
आणि सतरा जण एकेक पाय उचलून
ती ओलांडताहेत.